स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : सोपी पळवाट की आयुष्यभराचे व्रत?

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)





या मेळाव्यात दरवर्षी आपल्यासमोर खाटा, तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांची आकडेवारी मांडली जाते. ती या अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. आज विश्वस्त मंडळाने आमच्या विभागावर एका प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी सोपविली आहे. वजन कमी करण्यासाठी जी शस्त्रक्रिया केली जाते, जिला वैद्यकीय भाषेत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, ती म्हणजे कष्ट टाळण्याची सोपी पळवाट आहे काय, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्यापर्यंत दोन वाटांनी येतो. काही देणगीदार अत्यंत सद्भावनेने विचारतात, "ज्यांना जिभेवर ताबा ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी धर्मादाय पैसा का खर्चावा? तोच पैसा कर्करोगाच्या रुग्णाला द्यावा." रुग्णांचे नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात विचारतात, "डॉक्टरसाहेब, एकदा शस्त्रक्रिया झाली की आम्ही सुटलो ना?" एका प्रश्नात रोष आहे आणि दुसऱ्यात आशा, पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच, की ही वाट सोपी आहे. आमच्या मते या एका समजुतीने दुहेरी नुकसान होते. ज्याला उपचाराची खरी गरज आहे तो लाजेपोटी दूर राहतो, आणि ज्याची तयारी झालेली नाही तो उतावीळपणे शस्त्रक्रियेच्या मेजावर येतो. म्हणून या समजुतीचा आज थोडा विस्ताराने विचार करू.

दोष केवळ मनोनिग्रहाचा नाही

स्थूलता ही खादाडपणाची शिक्षा आहे, असे आपल्या समाजात सर्रास मानले जाते. "तोंडाला कुलूप लाव, म्हणजे आपोआप उतरेल," असे घरचेच ऐकवतात. आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कोणताही वैद्य नाकारणार नाही. थोडेफार वाढलेले वजन त्यांनी निश्चित आटोक्यात येते, आणि पहिला उपचार तोच आहे. परंतु वजन एका मर्यादेपलीकडे गेले आणि तेथे काही वर्षे स्थिरावले, की शरीर त्या वजनालाच आपले घर समजू लागते आणि ते राखण्यासाठी झगडते.

हे केवळ सांत्वनपर बोलणे नाही. जठरातून स्रवणारे आणि भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आहारनियंत्रणाने वजन उतरविलेल्या व्यक्तींची तपासणी केली. वजन उतरून वर्ष झाले, तरी त्यांच्या रक्तातील भूक वाढविणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी संप्रेरके घटलेलीच आढळली. २०१६ मध्ये अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पर्धेनंतर सहा वर्षांनी बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. पाचशे कॅलरी म्हणजे आपल्या घरच्या चारेक पोळ्या. समान वजनाच्या दुसऱ्या माणसाने खाव्यात आणि यांनी रोज, आजन्म, तेवढ्या पोळ्या सोडून द्याव्यात, असा त्याचा अर्थ होतो. आणि तेही भूक अधिक लागत असताना!

हे ध्यानी घेतले म्हणजे पाच-सहा वेळा वजन उतरवून पुन्हा वाढलेल्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी आपण थांबू. हृदयाची रोहिणी तुंबलेल्या रुग्णाची बायपास होते, तेव्हा त्याने आयुष्यभर काय खाल्ले याचा हिशेब कोणी मागत नाही. मग जठराच्या बायपासलाच पळवाट का म्हणावे?

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

या शस्त्रक्रियेचा आणि पोटावरील चरबी काढून टाकण्याचा काहीही संबंध नाही. हा गैरसमज अजून फार रूढ आहे, म्हणून आरंभीच स्पष्ट करतो. चरबी ओढून काढणे, ज्याला लायपोसक्शन म्हणतात, तो देहसौष्ठवाचा प्रकार आहे. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया जठरावर आणि आतड्यावर होते.

तिचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याचे प्रयोग झाले. वजन उतरले, परंतु अतिसार, मूतखडे आणि यकृत निकामी होणे असे गंभीर परिणाम दिसले आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. पुढे आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी एक साधे निरीक्षण केले. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि ते पुन्हा सहसा वाढत नाही. त्यावरून त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह गॅस्ट्रिक बायपासची पद्धत बसविली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये दुर्बिणीद्वारे केलेल्या बायपासचे पहिले अहवाल आले. पोटावर मोठा छेद घेण्याऐवजी चार-पाच लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया होऊ लागली, आणि रुग्ण लवकर चालू-फिरू लागला.

आज प्रामुख्याने दोन पद्धती केल्या जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची निमुळती नळी शिल्लक ठेवतात. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही, हे रुग्णाने आणि घरच्यांनी नीट समजून घ्यावे. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी लहान पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या आरंभीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते.

अन्न कमी मावते म्हणून वजन उतरते, एवढेच त्यामागे आहे असे पूर्वी वाटे. आता कळते, की संप्रेरकांची सारी भाषाच बदलते. घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या ज्या भागात तयार होते तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने तृप्तीचा आणि इन्शुलिनचा संदेश देणारी संप्रेरके वाढतात. म्हणूनच अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते. आहारनियंत्रणात शरीर आपल्याविरुद्ध लढते. शस्त्रक्रियेनंतर काही काळ ते आपल्या बाजूने उभे राहते. या शस्त्रक्रियेची खरी देणगी ही आहे.

लाभाचा पुरावा

स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा अभ्यास चालू आहे. त्यांपैकी सुमारे निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २००७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांच्या गटाचे वजन वर्षानुवर्षे जवळपास जेथल्या तेथे राहिले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होते. शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाणही स्पष्टपणे कमी आढळले.

अमेरिकेत १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्के किंवा त्याहून खाली आणण्याचे उद्दिष्ट केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी गाठले. स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्ण तेथे पोहोचले.

हे आकडे आम्ही मुद्दाम जसेच्या तसे मांडत आहोत. त्यांत आशा आहे, तशीच मर्यादाही आहे. २९ टक्के म्हणजे शंभरातील २९. उरलेल्यांचाही मधुमेह सामान्यतः सौम्य होतो, औषधे कमी होतात. पण तो समूळ गेला असे म्हणता येत नाही. स्वीडनच्याच अभ्यासाचा २०२० मधील निष्कर्ष असा, की शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते, पण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांनी हे दुसरे वाक्यही छापावे, अशी आमची अपेक्षा आहे.

किंमत

आता जोखमीकडे वळतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारी तीन आढळले. सुमारे ४ टक्के रुग्णांना गंभीर स्वरूपाची गुंतागुंत झाली. आकडा लहान आहे, परंतु ज्या घरात ती घटना घडते त्या घरासाठी तो शंभर टक्के असतो. जठराच्या शिवणीतून गळती होणे, रक्तस्राव, पायातील शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, या भीतीदायक शक्यता आम्ही प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरातील किमान एका जबाबदार व्यक्तीला समोर बसवून सांगतो. शस्त्रक्रियेनंतर ताप, नाडीचा वेग वाढणे, धाप किंवा असह्य पोटदुखी यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हेही सांगतो.

त्यानंतर येतात उशिराचे परिणाम. वजन झपाट्याने उतरते तेव्हा पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात; बहुतेकांचे पुन्हा येतात, पण तरुण मुलींना ते दिवस फार जड जातात. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त आणि छातीतील जळजळ यांचा त्रास होतो. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. त्यामुळे तंबाखू, सिगारेट आणि सांधेदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या वर्ज्य होतात. गोड पदार्थ भरभर खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब होतात. मद्य लवकर चढते. अमेरिकेतील २०१२ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी मद्याच्या समस्येचे प्रमाण ७.६ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर गेलेले दिसले. पोट, दंड आणि मांड्यांवरील त्वचा सैल पडते. काहींना मनाची उदासीनता घेरते, कारण जेवण हा त्यांचा एकमेव विसावा होता आणि तोच हिरावला गेलेला असतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची भेट आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही ठेवतो.

सर्वांत मोठी किंमत जीवनसत्त्वांच्या रूपाने आयुष्यभर मोजावी लागते. लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने थांबवता येत नाहीत. आपल्याकडील शाकाहारी माणसात बी-१२ मुळातच कमी असण्याचा संभव असतो. त्यात ही भर. सतत उलट्या होत राहिल्या आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर दिले गेले नाही, तर मेंदूला आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. विवाहित भगिनींसाठी आणखी एक सूचना : वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते, परंतु पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

खरी परीक्षा जेवणाच्या पानावर

शस्त्रक्रियेस दोन-तीन तास लागतात. त्यानंतरचे सारे घरच्या स्वयंपाकघरात घडते, आणि तेथे शल्यचिकित्सक नसतो.

सुरुवातीस काही दिवस केवळ पातळ पेये, मग दूध, ताक, गाळलेले वरण. मग घोटलेले अन्न, मग मऊ भात-वरण. आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. पण हे 'नेहमीचे' पूर्वीसारखे मुळीच नसते. अर्ध्या वाटीत पोट भरते. प्रत्येक घास बारीक चावावा लागतो. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे आणि मग दिवसभर घोटघोट पाणी पीत राहायचे. घाईने खाल्ले तर घास अडकतो, छातीत दाटून येते आणि उलटी होते.

त्यातच दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीसोबत स्नायूही झिजतात. हा हिशेब आमच्या आहारतज्ज्ञ प्रत्येक कुटुंबाला मांडून दाखवितात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढेच, आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या वाटीत पोट भरणाऱ्या माणसाने ६० कसे गाठावेत? त्यासाठी पहिला घास भाताचा किंवा पोळीचा न घेता उसळ, पिठले, पनीर, मासे किंवा अंडे यांचा घ्यावा लागतो. आपल्या पानात वरण पातळ आणि भाताचा ढीग उंच असतो. तो क्रम उलटा करावा लागतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांत पिष्टाखेरीज फारसे काही नसते. त्या दिवशीही दूध, ताक, दाणे यांची योजना करावी लागते.

आणि मग येतो आपल्या संस्कृतीतील सर्वांत प्रेमळ शत्रू, म्हणजे आग्रह. लग्नाच्या पंगतीत, सणाला, पाहुण्यांकडे "एवढीशी पुरणपोळी तरी घे, आमचा मान राख," असे म्हटले जाते. पानात टाकू नये हा आपला संस्कार आहे, आणि नाही म्हणणे हा यजमानाचा अपमान मानला जातो. ज्याचे जठर अर्ध्या वाटीचे आहे, त्याने या दोन्हींमध्ये कसे जगावे? दुसरीकडे लहान जठरालाही चकविता येते. आइसक्रीम, गोड चहा, सरबते सहज खाली उतरतात. फरसाण दिवसभर थोडे थोडे चरता येते. अडीच-तीन वर्षांनी ज्यांचे वजन पुन्हा चढू लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या आहारनोंदीत हेच आढळते. तरीही त्यांना दूषणे देऊ नयेत. वजन पुन्हा थोडे वाढणे हा या आजाराचा स्वभाव आहे. अशा वेळी लाजून तपासणी टाळणे हेच सर्वांत घातक ठरते.

हे सारे ऐकल्यावर कोणी या वाटेला सोपी म्हणेल असे आम्हाला वाटत नाही. एक अशक्यप्राय चढण बाजूला सारून दुसरी, लांब परंतु चढता येण्याजोगी चढण शस्त्रक्रिया रुग्णासमोर ठेवते. चालावे मात्र त्यालाच लागते.

नवी इंजेक्शने

अलीकडे सर्वत्र विचारले जाते, की आता वजनाची इंजेक्शने आली आहेत, मग शस्त्रक्रिया हवीच कशाला? सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने २०२५ पासून आपल्या देशात वजनासाठी उपलब्ध झाली आहेत. ती प्रभावी आहेत आणि अनेकांना त्यांचा लाभ होईल. परंतु सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. म्हणजे तेथेही प्रश्न दीर्घकाळ निभावण्याचाच आहे. कोणाला आहार पुरेल, कोणाला औषध, कोणाला शस्त्रक्रिया आणि कोणाला तिन्ही, हे तपासूनच ठरवावे लागते.

कोणासाठी, आणि कोणाच्या पैशाने?

किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. त्याच बीएमआयला भारतीय शरीरात पाश्चात्यांपेक्षा चरबी अधिक असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी ३७.५, आणि मधुमेहासारखे आजार सोबत असल्यास ३२.५ ही मर्यादा सुचविली. पाच फूट उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत हे वजन अनुक्रमे सुमारे ८७ आणि ७५ किलो होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ वर आणली आहे. मर्यादा ओलांडली म्हणजे शस्त्रक्रिया करावीच असे नव्हे. विचार करता येतो, इतकेच.

विम्याचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमानुसार बीएमआय ४० असावा लागतो, किंवा ३५ असून हृदयविकार, झोपेतील श्वासावरोधाचा तीव्र विकार अथवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा लागतो. वैद्यकीय मर्यादा आणि विम्याची मर्यादा यांच्या मधल्या दरीत जो रुग्ण अडकतो, त्याला उपचाराची गरज असते पण पैसा मिळत नाही. त्यातील बरेचसे जण रिक्षाचालक, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, छोटे दुकानदार यांच्यासारखे असतात, ज्यांचे पोट गुडघ्यांवर आणि कंबरेवर चालते.

आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खालील योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णनिधीत जमा करावी लागते. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु खाट ही चार दिवसांची गरज असते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, दरवर्षीच्या रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञांकडे येण्याचा एसटीचा खर्च, हे सारे चाळीस वर्षांचे देणे आहे.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती अशी. यंत्रसामग्रीला देणगी देणे सोपे असते. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लागते. पाठपुराव्याला पाटी लागत नाही. तरीही आमच्या विभागाला आज सर्वाधिक गरज आहे ती पाठपुराव्यासाठी राखून ठेवलेल्या निधीची. शस्त्रक्रिया झालेल्या गरीब रुग्णाच्या गोळ्या पैशाअभावी बंद पडल्या, तर आपण त्याला अर्ध्या वाटेवर सोडले असे होईल. ज्याच्या पुढील काळजीची तरतूद करता येत नाही, त्याची शस्त्रक्रिया न करणे अधिक प्रामाणिक, असे आमचे मत आहे. आणि असा नकार देण्याची वेळ येऊ नये, हे आपल्या हाती आहे.

कुटुंबीयांना आमचे तीन शब्द. टोमणे थांबवा. घरातील सर्वांचे पान बदला. एकट्यासाठी वेगळे शिजवू नका. आणि पहिल्या वर्षानंतर रुग्ण 'आता मी बरा आहे' म्हणून तपासणी टाळू लागला, तर हाताला धरून त्याला आमच्याकडे आणा.

विश्वस्त मंडळाने आमचा एक आग्रह मान्य केला आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. भूलतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी पाहिल्याखेरीज आणि कुटुंबाशी बोलणे झाल्याखेरीज कोणतीही तारीख दिली जाणार नाही. यामुळे संख्या कमी राहील, हे आम्ही जाणतो. पुढील अहवालांत शस्त्रक्रियांच्या संख्येच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, अशी सूचना करून आम्ही थांबतो : शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनीही तपासणीस येत असलेले रुग्ण किती? आमच्या कामाचे मोजमाप त्या आकड्याने व्हावे.